बरे होणे आणि बरे वाटणे

दिवाळीच्या अंकात आजारपणाचा विषय काढावा की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. समोर चकली-अनारशांचे ताट आहे, मुले अंगणात किल्ला सजवीत आहेत आणि अशा वेळी कुणी खाटेवरच्या माणसाची गोष्ट सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने उठून जावे हेच बरे. पण मग ध्यानात आले की आपल्या दिवाळीचा प्रारंभच मुळी वैद्यापासून होतो. धनत्रयोदशीला आपण देवांच्या वैद्याची, धन्वंतरीची, पूजा करतो. धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. आणि त्याच दिवशी, तिन्हीसांजा झाल्या की, कणकेचा एक दिवा करून त्याचे तोंड दक्षिणेकडे वळवून ठेवतो. वर्षभर ज्या दिशेला आपण दिव्याचे तोंड करीत नाही, त्या दिशेला त्या दिवशी मुद्दाम उजेड दाखवायचा. तो दिवा यमाचा. सकाळी वैद्य आणि संध्याकाळी यम, असे दोन्ही पाहुणे एकाच दिवशी घरी बोलावण्याची ही योजना ज्यांनी कुणी केली, ती माणसे मोठी जाणती असली पाहिजेत. वैद्याचे काम कुठे संपते आणि त्यापुढे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या मनात नक्की होता.

आमच्या चामोर्शीकडे हा दिवा लावताना आणखी एक आठवण होते. तालुक्यातच, वैनगंगेच्या काठी, मार्कंडादेवाचे पुरातन देवालय आहे. नदी तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून त्या जागेचे माहात्म्य मोठे. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. कथा सर्वांना ठाऊक आहे. मार्कंडेयाला आयुष्य दिले होते सोळाच वर्षांचे. यम न्यायला आला तेव्हा पोराने शिवाच्या पिंडीला मिठी मारली आणि शिवाने यमाला परतवून लावले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना फार धीर येई. मोठेपणी कळते की मार्कंडेय एखादाच. ज्यांच्या गळ्यातला पाश सुटत नाही, अशांचीच संख्या फार. त्यांच्यासाठी कुणी काय करावे, याची पोथी कुणी वाचून दाखवीत नाही. पण अशा कामाला वैद्यकात एक शब्द आहे. त्या शब्दाशी माझी गाठ कशी पडली, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तोंडाच्या कर्करोगाने आजारी पडली. आमच्या भागात खर्रा घोटणे आणि खाणे हे चहाइतकेच घरगुती आहे. तिलाही त्याची सवय होती. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात महिनाभर राहून ती दसऱ्याच्या सुमारास घरी परतली. येताना बरोबर कागदांची जाड चवड होती. शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. तोंडाने सांगितले ते एवढेच, "आता घरी न्या." माझ्या चुलतभावाने ती ओळ अक्षरे लावून वाचली. त्यात 'पॅलिएटिव्ह' असा एक शब्द होता. हे एखाद्या औषधाचे नाव असणार, असे त्या बिचाऱ्याला वाटले. तो कागद घेऊन तो चामोर्शीतल्या एकेका औषधाच्या दुकानी फिरला. "हे औषध हाये का गा, भाऊ?" दुकानदार कागद उलटसुलट करून पाहत आणि म्हणत, "आमच्याकडे नाई, गडचिरोलीले पाहा." तो गडचिरोलीलाही जाऊन आला. या खटपटीत आठ दिवस गेले. आठ रात्री मोठीमाय भिंतीला टेकून बसून राहिली. कारण आडवे झाले की ठणका वाढे.

पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. तूर्त त्या शब्दाकडे वळू.

लॅटिन भाषेत 'पॅलिअम' म्हणजे अंगावर पांघरायचे वस्त्र, झगा. त्यावरून झाले 'पॅलिएट', म्हणजे पांघरूण घालणे. इंग्रजीत हा शब्द शतकानुशतके दोन अर्थांनी वापरला गेला. एक अर्थ, रोग मुळातून न काढता त्याचा त्रास कमी करणे. दुसरा अर्थ, एखाद्याच्या अपराधावर पांघरूण घालणे. आपल्या मराठीतही पांघरुणाची हीच गत आहे. थंडीत कुडकुडणाऱ्यावर पांघरूण घातले तर ती माया, आणि पोराच्या चुकीवर घातले तर तो दोष. म्हणूनच डॉक्टरी भाषेत 'पॅलिएटिव्ह' हा शब्द बराच काळ कमीपणाचा होता. खरा इलाज तो मूळ रोगाचा. बाकीचे सारे झाकपाक.

ही वृत्ती केवळ पाश्चात्त्यांची, असे मात्र समजू नये. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथात, रोगाने ज्याला पुरते जिंकले आहे त्याच्यावर उपचार करू नयेत, असे मत आढळते. आपल्या चरकसंहितेतही असाध्य रोगाला हात घालणारा वैद्य पैसा, विद्या आणि कीर्ती यांची हानी करून घेतो, असा व्यवहारी इशारा आहे. पण आपल्या आयुर्वेदाने असाध्य रोगांचे दोन भाग पाडले, हे विशेष. एक भाग, ज्यावर काहीच चालत नाही त्यांचा. आणि दुसरा भाग 'याप्य' रोगांचा. याप्य म्हणजे ज्यात काळ सुखाने घालविता येतो असा रोग. 'कालयापन', 'उदरयापन' या शब्दांत हाच धातू आहे. याप्य रोग मुळातून जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर माणूस तग धरतो. सुश्रुताने यासाठी फार सुरेख दृष्टांत दिला आहे. पडायला आलेल्या घराला नेमक्या जागी टेकू दिला की ते उभे राहते, तसे हे उपचार. आमच्या जंगलपट्टीत, दर पावसाळ्यानंतर कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला टेकू द्यावाच लागतो. त्यामुळे हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक गोष्ट. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, रोगी आणि चौथा परिचारक. उशाशी बसणाऱ्या माणसाला त्याने वैद्याच्या ओळीला बसवले आहे.

आधुनिक काळात या कामाला शास्त्राचे रूप दिले ते एका इंग्रज बाईने. सिसिली सॉन्डर्स तिचे नाव. जन्म १९१८ चा. ती आधी परिचारिका झाली, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, म्हणून इस्पितळात रुग्णांची विचारपूस करणारी समाजसेविका झाली. १९४८ साली लंडनच्या एका इस्पितळात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक निर्वासित ज्यू कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. त्याला जगात कुणी नव्हते. ती त्याच्याजवळ बसे, बोले आणि मुख्य म्हणजे ऐके. अशा माणसांसाठी एखादे घर असावे, असे बोलणे दोघांत होई. मरताना त्याने आपली पुंजी, पाचशे पौंड, तिच्या नावे ठेवली. त्या घराला एक खिडकी असावी म्हणून. एका खिडकीभोवती घर बांधायला बाईंना एकोणीस वर्षे लागली. डॉक्टरांनी ऐकावे तर आपण डॉक्टर झाले पाहिजे, हे ओळखून त्या पस्तिशीच्या आसपास वैद्यकाच्या विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ साली पदवी घेतली. १९६७ साली लंडनच्या दक्षिण भागात 'सेंट ख्रिस्तोफर्स' हे त्यांचे शुश्रूषागृह उघडले. टास्माची खिडकी तिथे आहे.

सॉन्डर्सबाईंनी दोन गोष्टी शिकविल्या. पहिली मॉर्फिनसंबंधी. अफूपासून हे द्रव्य वेगळे काढले गेले १८०५ च्या सुमारास, म्हणजे ते नवीन नव्हते. पण रुग्ण कळवळून मागेल तेव्हाच ते द्यायचे, अशी रीत होती. बाईंनी सांगितले की घड्याळ लावून, दर चार तासांनी, कळ उठण्याच्या आधीच द्या. म्हणजे माणसाला भीक मागावी लागत नाही आणि मात्राही बेतात राहते. दुसरी गोष्ट याहून मोठी. वेदना केवळ शरीराची नसते. पोरीचे लग्न राहिले आहे, शेत गहाण पडले आहे, भावाशी बोलणे नाही, देव असा का वागला कळत नाही. हे सारे त्या ठणक्यात मिसळलेले असते. या सर्वाला त्यांनी 'समग्र वेदना' असे नाव दिले. अर्थात ही वेदना गोळीने अर्धीच जाते. उरलेली अर्धी कुणी ऐकून घेतली तर जाते.

आता शब्दाची गंमत पाहा. बाईंच्या घराला 'हॉस्पिस' म्हणत. मूळ अर्थ पाहुण्याचे घर, आपल्याकडची धर्मशाळाच म्हणा ना. पण कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी डॉ. बालफोर माउंट यांनी असा विभाग काढायचे ठरवले, तेव्हा अडचण आली. तिथले लोक फ्रेंच बोलणारे. आणि त्यांच्या बोलीत हॉस्पिस म्हणजे अनाथ-अपंगांचे आश्रयस्थान. असे नाव दिले तर कोण येणार? म्हणून त्यांनी अडगळीत पडलेला 'पॅलिएटिव्ह' हा शब्द उचलला आणि १९७५ साली उघडलेल्या विभागाला तो जोडला. ज्या शब्दाला झाकपाकीचा वास येत होता, तो असा मानाने पुन्हा चालू लागला.

आपल्या देशात या कथेला एक विचित्र वळण आहे. १९८५ साली मादक पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला. हेतू चांगलाच होता; चोरटा व्यापार थांबावा. पण त्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि ती परदेशी औषधांसाठी रवाना होते. आणि इथे आपल्या घरातला माणूस भिंतीला टेकून रात्र काढतो. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते असे. कायद्यातली ही गाठ सैल करणारी दुरुस्ती झाली ती २०१४ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी.

पण १९८५ साली एक दार लागले, तर लगोलग १९८६ साली तीन खिडक्या उघडल्या. पहिली जागतिक आरोग्य संघटनेची. कर्करोगाच्या वेदनेसाठी साध्या गोळ्यांपासून मॉर्फिनपर्यंत तीन पायऱ्यांची शिडी तिने त्या वर्षी जगापुढे ठेवली. दुसरी मुंबईची, टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याच्या टेकडीवर, माउंट मेरीच्या देवळाजवळ, 'शांती अवेदना सदन' स्थापन केले. हे भारतातील पहिले असे शुश्रूषागृह. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हेच काम विनामूल्य करीत आहे. केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था काढली आणि तिथून हे काम इस्पितळातून निघून घरोघरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती गेले. याच डॉ. राजगोपालांनी २००३ साली काढलेल्या दुसऱ्या संस्थेचे नाव 'पॅलिअम इंडिया'. पुन्हा तेच पांघरूण.

तिसरी खिडकी आमच्या घराजवळची. त्याच १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिचे कार्य मुख्यत्वे बाळांचे, स्त्रियांचे, आदिवासींच्या आरोग्याचे. अंतकाळच्या शुश्रूषेसाठी ती निघाली नव्हती. मग तिचे नाव इथे का घेतो? कारण तिने आधी ऐकले. आदिवासी मंडळी इस्पितळात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारले. उत्तर मिळाले की मोठाल्या इमारतींची भीती वाटते. डॉक्टर पांढरे कपडे घालतात आणि आम्ही तर मुडद्याला पांढऱ्यात गुंडाळतो. नातलगांना बाहेर काढतात. आणि तिथे आमचा देव नाही. मग शोधग्रामला आदिवासी पाड्यासारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे. डॉ. राणी बंग यांच्या स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. वैद्यकावरच्या पुस्तकाला याहून नेमके नाव मला तरी सुचत नाही.

'पॅलिएटिव्ह'ला मराठी शब्द कोणता? छापील मराठीत 'उपशामक' लिहितात. हिंदीत 'प्रशामक' चालतो. दोन्हींत 'शम' आहे, शांत होणे. शब्द चुकीचे नाहीत. पण शेजारच्या बाईला "तुझ्या सासूला उपशामक काळजीची गरज आहे" असे सांगून पाहा. ती तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. शिवाय संस्कृत कोशकाराने 'शमन' हे यमाच्या नावांतही घातलेले आहे! दुखणे शमविणारा आणि माणसालाच शमविणारा, दोघे एकाच शब्दात बसलेले. लोकांच्या मनातला गोंधळही नेमका हाच आहे. हे उपचार सुरू झाले म्हणजे यम दारात आला, मॉर्फिन दिले म्हणजे शेवट जवळ आणला, असे कित्येकांना वाटते. ते खरे नाही. जाणत्या डॉक्टरने बेताने दिलेले मॉर्फिन आयुष्य तोडत नाही, आणि वेदनेसाठी घेणारा माणूस व्यसनी होतो ही भीतीही अवाजवी आहे. पोट जड होते, त्यासाठी सोबत रेचक द्यावे लागते, एवढेच. शिवाय ही शुश्रूषा फक्त शेवटच्या आठवड्यासाठी नाही. मूळ रोगावर इलाज चालू असतानाही ती द्यायची असते. आणि कर्करोगाइतकीच ती थकलेल्या हृदयाच्या, निकामी मूत्रपिंडाच्या, अर्धांगाच्या रुग्णालाही हवी असते.

मला विचाराल तर आपल्या भाषेत यासाठी दोन जुनी नाणी पडून आहेत. एक 'शुश्रूषा'. आपण तो शब्द सेवेच्या अर्थी वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्यावरून हा झाला. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य सेवा करी, म्हणून शुश्रूषेचा अर्थ सेवा झाला. सॉन्डर्सबाई मोठ्या कष्टाने जिथे पोचल्या, ते आपल्या शब्दाच्या पोटातच होते. दुसरे नाणे त्याहून साधे, आणि तेच या लेखाचे नाव आहे. मराठीत 'बरे होणे' वेगळे आणि 'बरे वाटणे' वेगळे. बरे होणे हे रोगाच्या हाती, वैद्याच्या हाती, दैवाच्या हाती. बरे वाटणे हे पुष्कळसे आपल्या हाती. कुशीवर वळवणे, ओठ ओले करणे, वेळेवर गोळी, पायाशी उशी, दोन शब्द. "बरे होणार नाही" असे डॉक्टरांनी सांगितले तरी "बरे वाटणार नाही" असे त्यांनी सांगितलेले नसते. आपण मात्र पहिले वाक्य ऐकून दुसरे आपणच जोडतो.

मोठीमायच्या बाबतीत आम्हीही तेच केले होते. नवव्या दिवशी गावातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. ती नागपुरास परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिने तो कागद वाचला आणि माझ्या चुलतभावाला म्हणाली, "दादा, हे औषधाचं नाव नोहे. हे कामाचं नाव होय." मग ते काम काय, हे तिने अर्धा तास बसून सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने भाऊ सारे कागद घेऊन नागपुरास गेला; जाऊन येऊन सहज साडेतीनशे किलोमीटरांच्या वर. गोळ्या मिळाल्या. पाण्यात विरघळवून, घड्याळ पाहून, चार-चार तासांनी द्यायला तिने आम्हाला शिकविले. त्या रात्री मोठीमाय आडवी झोपली. सकाळी तिने पातळ पेज मागितली, आणि नंतर हळू आवाजात माझ्या वडिलांना बोलावून बांधाच्या एका जुन्या भांडणाबद्दल काहीतरी सांगितले. काय ते आम्हाला कळले नाही. बाहेर आले तेव्हा वडिलांचे डोळे ओले होते.

ती बरी झाली नाही. धनत्रयोदशीला तिने खाट ओसरीत आणवली. कणकेचा दिवा तिने स्वतः केला. हात कापत होते, म्हणून त्याची एक बाजू बसकी झाली. "मलेच जायचं हाय त्या रस्त्यानं," ती म्हणाली, "उजेड असलेला बरा." दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके होतात, लांबून येणारी पेटी ऐकत ती पडून राहायची. कार्तिकी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी झोपेतच गेली. आठ रात्री तिने फुकट सोसल्या, ही बोच मात्र माझ्या मनातून जात नाही. आमच्यापैकी कुणी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारले असते, "साहेब, या शब्दाचा अर्थ काय? घरी नेऊन करायचे काय?" तर त्या आठ रात्री वाचल्या असत्या.

म्हणून, वाचकहो, सणाच्या दिवशी एवढेच सांगणे. देशात २०१२ पासून या शुश्रूषेचा सरकारी कार्यक्रम आहे. २०१४ साली जगातल्या राष्ट्रांनी एकत्र येऊन ती आरोग्यसेवेचा भाग मानावी असा ठरावही केला आहे. पण ठराव चामोर्शीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो शब्द तुमच्या कुणाच्या कागदावर कधी आला, तर औषधाच्या दुकानी हिंडू नका आणि हातपायही गाळू नका. अर्थ विचारा, ते काम कुठे होते ते विचारा, दुखण्यावरची गोळी मागा. आणि मग उशाशी बसून ऐका. यंदा यमाचा दिवा दक्षिणेकडे ठेवाल, तेव्हा घरात कुणाची खाट कोपऱ्यात असेल तर ती थोडी पुढे ओढा, म्हणजे तो उजेड तिथूनही दिसेल.